पट्टीवरचा बाण

महिनाभर तुम्ही दोघं माझं डोकं खाताय, की हा भरत्या रोज पावणेसहाला दुकानाला कुलूप लावून कुठं पळतो. सोहेल, तू तर ग्रुपवर टाकलंस की कुणीतरी आहे. आहे. पण तुला वाटतं तसं नाही. बसा, सांगतो. आत्ता पाच वाजायला दहा कमी आहेत, पावणेसहाला मला उठायचंय, तेवढ्यात सगळं सांगून होईल. फक्त मध्ये काही विचारू नका, मी एकदा थांबलो तर परत सुरू करता यायचं नाही मला.

सुतार सर. सोहेल, तुला सांगायला नको. अनुजा, तू आयटीआयला नव्हतीस म्हणून तुला सांगतो, जनार्दन सुतार, आम्हाला वायरिंग शिकवायचे. शर्टाच्या खिशात पेन नाही, टेस्टर. पहिल्याच तासाला एक एलईडी हातात देऊन म्हणाले होते, वीज हिच्यातून एकाच बाजूनं जाते, दुसरीकडून लावलीस तर तुझ्याकडं बघणारपण नाही ही. मग प्रत्येक प्रॅक्टिकलला तेच एक वाक्य. आधी बाण, मग डाग. डाग म्हणजे सोल्डरचा. बाण म्हणजे एलईडीच्या पट्टीवर, डायोडवर छापलेला तो छोटा बाण असतो ना, वीज कुठून कुठं जाणार ते दाखवणारा. कुणी बाण न बघता सोल्डर गन उचलली, तर सर काही बोलायचे नाहीत, नुसता मेन स्विच पाडायचे. सगळा वर्ग अंधारात. मग सगळे त्या पोराला शिव्या घालायचे.

तर हे सर गेल्या नोव्हेंबरात माझ्या दुकानात आले. जिना चढून, धापा टाकत. माझं दुकान म्हणजे वरची ती जुनी मागाची खोली, काकांचे चार माग होते तिथं. आता मी कॉम्प्युटरची कॅबिनेटं करतो. आता डेस्कटॉप घेतं कोण, तर हौशी माणसं. हॉलमध्ये पूर्वी फिशटँक ठेवायचे तसं काचेचं कॅबिनेट ठेवतात, आत पट्ट्या, पंखे, रंग. सरांचा मात्र खरा कामाचा जुना डेस्कटॉप होता, त्याचं कॅबिनेट दोन वर्षांपूर्वी मीच काचेचं करून दिलं होतं, गुरुपौर्णिमेला. त्यांना ते आवडलं नव्हतं. शालनकाकूंना, म्हणजे सरांच्या मिसेसना, आवडलं होतं.

हातात एक छोटा खोका होता. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, हे परत पाठवायचंय, कसं पाठवतात सांग.

मी खोका बघितला आणि माझ्या तोंडाला पाणीच सुटलं रे, खोटं कशाला बोलू. जोडपट्टी होती. मी ती नुसती व्हिडिओत बघितलेली, आपल्या भागात एकाकडंही नव्हती.

ती काय असते ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. एलईडी उजेड देते हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिच्यावर उजेड पडला तर तिच्यात किंचित वीज तयार होते, म्हणजे तीच वस्तू डोळ्याचंही काम करते. जोडपट्टीतले काही दिवे सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते विझतात आणि तेवढ्यात समोर बघून घेतात. समोर कोण, तर खुर्चीत बसलेला माणूस. आपलं हृदय ठोका देतं तेव्हा चेहऱ्याच्या कातडीखाली रक्ताची एक लाट येते. रक्त हिरवा उजेड पिऊन टाकतं, म्हणून प्रत्येक ठोक्याला आपला चेहरा कणभर काळवंडतो. आपल्याला दिसत नाही, पट्टीला दिसतं. ती तो ठोका उचलते आणि इंटरनेटवरून तिच्या जोडीच्या पट्टीला पाठवते, जगात कुठंही असू दे ती. मग तिकडं ती तुमच्या ठोक्यावर उजळते, मंद होते, उजळते. आणि तिकडच्या माणसाचा ठोका तुमच्याकडं. शांत असला तर निळा, वाढला की केशरी, फारच वाढला की लाल. बास. शब्द नाहीत, चित्र नाही. दोन कॅबिनेटं, दोन हृदयं.

ही पट्टी पाठवली होती रणजितनं. सरांचा एकुलता एक मुलगा.

रणजित नॉर्वेच्या पलीकडं समुद्रात काम करतो. समुद्रात म्हणजे खाली, तळाला, दीडशे मीटरवर. मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर आता पाण्याखाली ठेवतात, थंड राहतात म्हणून, आणि त्यांची देखभाल करायला माणसं तिथंच राहतात, अकरा अकरा महिने. त्यांच्या खोलीतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतका ठेवलेला असतो, म्हणजे दार उघडलं की थेट पाण्यात उतरता येतं. पण त्या दाबाखाली वायू रक्तात मुरतो. सोड्याची बाटली एकदम उघडली की कसा फेस येतो, तसं होईल माणूस एकदम वर आला तर. म्हणून वर यायचं तर सहा दिवस एका बंद खोलीत दाब हळूहळू उतरवत बसायचं. आणि कंपनीचा नियम असा, की खालच्या माणसाचं मन हललं की हात चुकतो, म्हणून घरचं बोलणं महिन्यातून एकदाच. एक तारखेला, संध्याकाळी पाचला. चाळीस शब्द इकडून, अर्ध्या तासात चाळीस तिकडून, इकडून काही गेलं नाही तरी. चांगली बातमी असो की वाईट. ठोक्याच्या पट्टीला तेवढी परवानगी दिली होती, त्यानं माणूस शांत राहतो असं त्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं.

शालनकाकू गेल्या वर्षी बावीस जूनला गेल्या. रणजितला कळलं एक जुलैला. त्यानं लिहिलं, लगेच निघतो, सहा दिवस लागतील. म्हणजे तेरावंसुद्धा होऊन गेलं असतं. तेव्हा सर पुढच्या महिन्याची वाट बघायला तयार नव्हते, कंपनीच्या ऑफिसला फोन करून, भांडून, एक ओळ खाली पोचवायला लावली त्यांनी. आता येऊन काय करतोस. तो आला नाही. पाळी संपल्यावर ऑक्टोबरात वर आला, तरी घरी आला नाही. ही जोडी विकत घेतली, एक सरांना पाठवली, दुसरी घेऊन परत खाली गेला. सरांनी ठरवलं होतं, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं पत्र उघडायचं नाही.

खोक्यात चिठ्ठी होती. बाबा, बोलू नका. नुसतं रोज सहाला बसा. मीही बसतो.

सर म्हणाले परत पाठव. आणि मी, मी काय केलं, मला ती पट्टी एकदा तरी हाताळायची होती रे. मी म्हटलं, सर, हे काय बोलणं नाही. हा दिवा आहे नुसता. दिवा लावायला काय हरकत आहे? सरांनी खोका माझ्याकडं सरकवला. मग म्हणाले, लाव.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. आता ऐका, इथंच आहे ती चूक.

पट्टीच्या दोन्ही टोकांना सारखीच तीन पिनांची सॉकेटं. अंगावर बाण. बाणाप्रमाणं लावली असती तर वायर कॅबिनेटच्या पुढच्या कोपऱ्यातून आली असती, चार इंच काळी वायर, काचेतून दिसणारी, बरोबर मधोमध. आता मी कॅबिनेटवाला आहे. वायर दिसली म्हणजे आमच्यात इज्जत गेली. पंख्याची वायर दिसू नये म्हणून मी अर्धा अर्धा दिवस घालवतो. मी पट्टी फिरवली, या टोकाचं ते टोक केलं, वायर मागच्या भोकातून आत गेली, एक केससुद्धा बाहेर दिसेना. वरच्या पत्र्याला आतून चिकटवली. बाण पत्र्याकडं गेले, दिसेनासे झाले.

जुनी पट्टी असती तर ती लागलीच नसती, मिनिटात कळलं असतं. पण ही नवीन. पट्टी लागत नाही म्हणून गिऱ्हाइकं तक्रार करतात, म्हणून बनवणाऱ्यांनी ती दोन्हीकडून लागेल अशी केली होती. उलटी लावली तरी लागते. फक्त मग ती काय करते, तर समोरच्या माणसाचा ठोका बाहेर पाठवण्याऐवजी स्वतःच्याच दिव्यांना देते. हे लिहिलं होतं रे माहितीपुस्तकात, चौदाव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. मी नंतर वाचलं.

मी सरांना म्हटलं, एकदा बघून घ्या काम. ते चष्मा पुसत होते. म्हणाले, तू केलंयस ना, मग मी कशाला बघू.

सहा वाजता खुर्चीत बसले. दोन सेकंद काही नाही. मग पट्टी उजळली. मंद झाली. उजळली. निळी, त्यात जरा केशरी. सरांनी चष्मा परत काढला. आणि केशरी वाढलं. मी तिथं उभा होतो, मी डोळ्यांनी बघितलं, सरांचे डोळे भरले आणि पट्टी लाल झाली, आणि मला वाटलं, वा, काय भारी वस्तू आहे, तिकडं तो पण रडतोय. फोटो काढला मी. पंखे, पट्टी, एकही वायर नाही. तुम्ही दोघांनी लाईक केला होता तो.

त्यानंतर पाच महिने सर रोज सहाला बसायचे. मी आठवड्यातून एकदा जायचो, धूळ पुसायला म्हणून. सर बदलले होते. दाढी वेळेवर, शर्ट इस्त्रीचा. मला सांगायचे, मी बसलो की लगेच येतो बघ, एक दिवस चुकवलेला नाही. सांगायचे, आज काकूची पैठणी कपाटातून काढली आणि इथं येऊन बसलो तर त्याचा ठोका असा वाढला, त्याला कसं कळलं असेल? जानेवारीत काकूंचा वाढदिवस होता, त्या दिवशी म्हणे पट्टी दोन तास लाल होती. त्याला आईचं दुःखच नाही असं मी समजत होतो, म्हणाले, आणि हा तर माझ्याइतकाच मोडलाय. त्या दिवशी त्यांनी त्याला माफ केलं. मला म्हणाले नाहीत तसं, पण कळतं ना.

मी म्हटलं, मग सर, एक तारखेला चाळीस शब्द लिहा की. तर म्हणाले, कशाला, सगळं कळतंय मला त्याचं, आणि त्यालाही माझं कळत असणार. बोलून परत काहीतरी तिसरंच व्हायचं.

त्यांच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात काळ्या इन्सुलेशन टेपचा एक तुकडा चिकटवलेला होता. मला वाटायचं काच तडकली असेल.

एप्रिलच्या नऊ तारखेला त्यांचा फोन आला, ये म्हणाले, आत्ता. आवाज बारीक. मी गेलो. दुपारची वेळ होती. म्हणाले, रणजितच्या हृदयात काहीतरी बिघाड आहे. आठ-दहा दिवस बघतोय, पट्टी दोन ठोके देते, तिसरा गाळते. मग एकदम तीन-चार घाईघाईनं. पोरगं दीडशे मीटर खाली, तिथं डॉक्टर तरी धड असेल का? त्यांनी माझं मनगट धरलं होतं. म्हणाले, त्याला लिही. पुढच्या एक तारखेला जाऊ दे. तपासून घे म्हणावं. माझं नाव नको घालू.

मी म्हटलं, मेल तुमच्याच नावानं जाणार सर, नाव कसं लपवायचं. पासवर्ड द्या. सरांनी नखानं तो टेपचा तुकडा काढला. खाली पाचाचा आकडा होता. पाच पत्रं, न उघडलेली. आकडा दिसू नये म्हणून टेप.

म्हणाले, वाच.

मी मोठ्यानं वाचायला लागलो.

डिसेंबर. बाबा, पोचलो, पट्टी लावली. तुमचा दिवा अजून दिसत नाही. बसवायला कुणी नसेल तर कॅबिनेटवाल्याला बोलवा.

जानेवारी. अजून काळीच आहे. मी रोज सहाच्या हिशेबानं बसतो. नसेल लावायची तर नका लावू, नुसतं कळवा.

सर म्हणाले, काळी म्हणजे?

मी पुढचं वाचलं, कारण मला थांबता येईना. फेब्रुवारी. आईच्या वाढदिवसाला दोन तास बसलो होतो. काळीच. मार्च. काही नाही, बसतोय. आणि एप्रिल, आठ दिवसांपूर्वीचं. उत्तर कळलं बाबा. पट्टी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. पुढची पाळी वर न येता इथूनच घेतोय. महिन्याची तपासणी झाली, हृदय ठणठणीत आहे. तुम्ही जपा.

मी वाचून थांबलो. आठ दिवस त्याची पट्टी ड्रॉवरमध्ये, आणि काल सहाला सरांनी त्याचा ठोका बघितला होता. त्याचं हृदय ठणठणीत, आणि इथं ठोका गळतोय. मी सरांच्या तोंडाकडं बघितलं, ओठांना निळसर झाक होती. अनुजा, तुला सांगतो, मला पट्टी उघडून बघायची गरजच नव्हती. मला तो बाण दिसत होता, पत्र्याच्या आतून.

सरांनी विचारलं, "बाण बघितला होतास?"

"नाही सर."

मला वाटलं आता ते मेन स्विच पाडतील. खरंच वाटलं. पण त्यांनी स्विचकडं बघितलंसुद्धा नाही. मी बडबडायला लागलो, म्हटलं सर, तुम्ही बघत होता तो तुमचाच, माझी चूक, मी वायर लपवायला गेलो. ते ऐकतच नव्हते. स्वतःचंच हृदय पाच महिने मुलाचं म्हणून बघितलं, त्याचं त्यांना काही नव्हतंच. त्यांनी एकच विचारलं.

"म्हणजे पोराला पाच महिने अंधार?"

मग उठले, खिशातला टेस्टर काढला, त्याच्याच टोकानं काचेचे स्क्रू सोडवले. मला हात लावू दिला नाही. पट्टी खरवडून काढली, फिरवली, बाण मला दाखवला, नुसता दाखवला, आणि लावली. ती चार इंच काळी वायर काचेसमोर आडवी आली. त्यांनी तिला टेपनंसुद्धा चिकटवलं नाही. खुर्चीत बसले. पट्टी काळी. असणारच, तिकडची ड्रॉवरमध्ये. आता त्यांचा ठोका तिकडं जात होता, आणि त्यांना दिसत काही नव्हतं.

म्हणाले, माझं तरी जाऊ दे.

मी त्यांना उचलूनच दवाखान्यात नेलं म्हणा ना. डॉक्टरांनी पट्ट्याबिट्ट्या लावून बघितलं, पेसमेकर बसवू म्हणाले, सव्वीस तारीख दिली. संध्याकाळी सहाच्या आत घरी सोडा असा सरांचा हट्ट. त्या आठवड्यात आम्ही मिळून चाळीस शब्द लिहिले, एक मेला आपोआप जातील असे लावून ठेवले. सर बोटांवर मोजत होते. मला पाठ आहे ते.

"रणजित, दिवा मी रोज बघत होतो. पट्टी उलटी लागली होती. तुझा समजून माझाच बघत होतो. बाण आता सुलटा आहे. माझा ठोका चुकतो, दवाखान्यात दाखवतोय. तू पट्टी लाव. मी रोज सहाला बसतो. आईच्या वेळी मी बोललो ते चुकलं. ये घरी."

एकोणचाळीस झाले. मी म्हटलं, सर, यात माझं नाव घाला, पट्टी उलटी आपोआप लागत नाही, कुणी लावली ते कळू दे त्याला. तर म्हणाले, जागा एकाच शब्दाची आहे. आणि टाईप केलं, बाबा.

तेवीस एप्रिलला गेले. सव्वीसची वाट नाही बघितली. शेजारच्या हावळकाकूंना सातच्या सुमाराला दिसले, खुर्चीतच, कॅबिनेट चालू. मी नंतर हिशेब लावत बसलो, शेवटचा ठोकासुद्धा तिकडं गेला असणार. ड्रॉवरमध्ये.

पुतण्यानं अग्नी दिला. सगळे नातेवाईक मलाच विचारत होते, रणजितला कळवलंस ना? मी हो हो म्हटलं, एक तारखेला जाईल म्हटलं. आणि ते लावून ठेवलेलं पत्र माझ्या डोक्यातून पार गेलं. एक मेला दुपारी पंख्याला वायर लावताना आठवलं. पळत गेलो, हावळकाकूंकडून किल्ली घेतली, कॅबिनेट चालू करून बघतो तर पाच वाजून सहा मिनिटं. पत्र गेलेलं. सरांचे चाळीस शब्द, सर नसताना. आणि महिन्याचे चाळीस संपले, आता इकडून एक अक्षरही जाणार नव्हतं. मी कंपनीच्या ऑफिसला फोन केला. ते म्हणाले, गेल्या वर्षी त्या वडिलांनी भांडून एक ओळ पाठवायला लावली, तेव्हापासून नियम आणखी कडक केलाय, एक जूनला पाठवा.

अर्ध्या तासात उत्तर आलं. बाबा, पट्टी परत लावली. पुढची पाळी रद्द करा म्हणून सांगितलंय. ऑक्टोबरात वर येतो, घरीच येतो. ठोक्याचं लगेच बघा. सहाला मीही बसतोय.

मी खुर्चीत बसून ते वाचत होतो. दोनदा, चारदा वाचलं. सहा वाजले आणि पट्टी लागली.

पहिल्यांदा बघितलं मी ते खरं. सरांनी कधीच नाही बघितलं. केशरी, मग लाल, जोरात, धडधड धडधड, सगळी भिंत लाल. पाच महिने अंधार बघितलेल्या माणसाचं हृदय होतं ते. मग हळूहळू उतरायला लागलं. लाल, केशरी, निळं. शांत. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे शांत का होतंय. त्याला तिकडं ठोका दिसतोय. खुर्चीत मी आहे. त्याला माझा ठोका दिसतोय.

मी उठायला गेलो. हाताच्या आधारानं अर्धा उठलो पण. मी उठलो की त्याच्याकडं काळी होणार, परत तीच काळी. अर्धा उठलेला मी तसाच राहिलो, आणि पट्टी लगेच केशरी झाली. तो घाबरला होता. माझा ठोका वाढला म्हणून तो घाबरला होता. मी बसलो.

बसलो ते आज एकतीस मे. रोज सहा ते साडेसहा. तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण माझ्याच्यानं एकट्यानं होईना आता. गेल्या आठवड्यात जिना पळत चढलो, धापा टाकत बसलो, तर पट्टी अशी लाल झाली की मला रडू आलं, मी श्वास धरून ठेवला, हळूहळू सोडला, तेव्हा कुठं ती निळी झाली. आणि सगळ्यात वाईट काय सांगू? सरांनी पत्रात लिहिलंय, माझा ठोका चुकतो. आता माझा ठोका चुकत नाही ना. चोवीस वर्षांचं हृदय आहे, एकसारखं चालतं. पहिले दोन-तीन दिवस तो केशरीत असायचा, बघत असायचा, मोजत असायचा बहुतेक. आता बसल्या बसल्या निळा होतो. त्याला वाटतंय, बाबा बरे झाले.

सोहेल, तू आत्ता जे तोंड करतोयस ते मला कळतं. ऑक्टोबरपर्यंत बसत राहा, वर आल्यावर सांग, हेच ना? मीपण तेच धरून बसलो होतो. पण त्याच्या आईची बातमी त्याला नऊ दिवस उशिरा कळली म्हणून हे सगळं सुरू झालं. आणि बापाची सहा महिने उशिरा? तेही माझ्यामुळं? एकदा त्याला अंधार दाखवला मी, आता उजेड दाखवतोय, दोन्ही खोटं. बाण परत उलटाच की.

लिहिलंय मी. उद्या पाचला जाईल. हे बघ, वाचून नको दाखवायला लावू. सर तेवीस एप्रिलला गेले, खुर्चीत बसून, तुझी वाट बघत, एवढं आहे. तुझा दिवा त्यांनी बघितला नाही, पण त्यांचा तुझ्याकडं शेवटपर्यंत येत होता, हे आहे. महिनाभर तुला दिसला तो माझा, हेही आहे. पट्टी उलटी लावली तीही मीच. एकोणचाळीस झालेत. चाळिसावा शब्द माझं नाव. सरांनी जागा नाही म्हटलं होतं, मी ठेवली.

उद्या पाचला तू ये माझ्याबरोबर. बटण मी दाबतो, तू नुसता उभा राहा. सहाला बसायचं की नाही ते मला माहीत नाही. त्याला दिसलं पाहिजे की खुर्ची रिकामी आहे, का एकट्याला अंधारात नको सोडायला, मला खरंच कळत नाही रे.

चला, पावणेसहा झाले. नको, गाडीवर नको सोडू, चालतच जातो. हळू जायचंय. धावत गेलो तर त्याला कळतं.